मार्चमधल्या डॅफोडिलचं काम सप्टेंबरात

इंग्लंडमध्ये घर घेतल्यानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये मी गार्डन सेंटरला जाऊन डॅफोडिलचे कंद मागितले. समोरच्या आजींच्या दारात तीस-चाळीस फुलं रस्त्याकडे तोंड करून उभी होती आणि मला तसंच हवं होतं, तेही त्याच आठवड्यात. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सप्टेंबरमध्ये या." तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. मार्चमध्ये डॅफोडिलचे कंद मागणं म्हणजे दिवाळीत हापूसची पेटी मागणं.

दुसरी चूक मी मे महिन्यात केली. ती जास्त महागात पडली. तिची गोष्ट आठव्या पायरीत येईल, आणि घाई असेल तर बाकी सगळं सोडून तेवढीच पायरी वाचा.

मी मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, राहते. माती चिकण, पुढे चार पावलांचं अंगण, मागे एक लॉन. खाली लिहिलेले महिने इंग्लंडचे आहेत. न्यू जर्सी किंवा टोरोंटोकडच्या मंडळींनी ते थोडे पुढे सरकवावेत. तिकडे जमीन गोठायच्या आत, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लावतात आणि फुलंही उशिरा येतात. मेलबर्नवाल्यांचं सगळंच उलटं, तिथे हे फूल ऑगस्ट-सप्टेंबरचं. पुण्याहून कोणी विचारत असेल तर सरळ सांगते, नाद करू नका. गव्हाला जशी थंडी लागते तशी या कंदालाही लागते, फक्त याची मागणी फार मोठी. साधारण बारा ते सोळा आठवडे, नऊ अंशांच्या खाली किंवा आसपास. तेवढा गारवा मिळाला नाही तर पानं येतात, फूल येत नाही. पुण्यात निशिगंध लावा. तो वासातही डॅफोडिलला हरवतो.

काय काय लागतं

– कंद. पहिल्या वर्षी पंचवीस ते तीस पुरे.
– खुरपं, आणि जमीन कडक असेल तर कुदळ किंवा फावडं. कंद लावायचा नळीसारखा एक अवजार मिळतो. लॉनमध्ये तो उपयोगी, ओल्या चिकणमातीत मात्र माती त्यात अडकून बसते आणि आपण ती काडीने टोकरत बसतो.
– हातमोजे. हे शोभेसाठी नाहीत. डॅफोडिलच्या चिकाने आणि कंदाच्या सालीने हाताला खाज सुटते, सुरण चिरताना सुटते तशीच. या फुलांच्या तोडणीवर काम करणाऱ्यांना होणाऱ्या पुरळाला इथे 'डॅफोडिल इच' असं नावच आहे.
– चिकणमाती असेल तर बारीक खडी, म्हणजे हॉर्टिकल्चरल ग्रिट. कुंडीसाठी पीट नसलेलं कंपोस्ट.
– आइस्क्रीमच्या काड्या किंवा कसल्याही खुणा. का, ते पुढे कळेल.
– टोमॅटोला घालतात ते द्रवखत. हे मात्र मार्चपर्यंत लागणार नाही.

कागदपत्रं काही नाहीत. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला दोन ओळींचा ईमेल टाकून परवानगी घ्या, किंवा सगळं कुंड्यांतच लावा. घर सोडताना कुंड्या टेम्पोत चढतात, वाफा चढत नाही.

१. फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसतं फिरा

पहिल्या वसंतात खरेदी करू नका, बघा. डॅफोडिल म्हणजे एकच पिवळं फूल हा माझा समज होता. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने या फुलाचे तेरा गट पाडले आहेत आणि नोंदलेल्या जाती हजारोंनी आहेत. पांढरी, मधे केशरी वाटी असलेली, एका देठावर तीन-चार येणारी, दुहेरी पाकळ्यांची, वीतभर उंचीची. तुमच्या गल्लीत काय चांगलं येतं ते शेजाऱ्यांच्या अंगणात दिसतंच. आवडलं की फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. तारीख महत्त्वाची, कारण जात निवडताना रंगापेक्षा ती कधी फुलते हे जास्त उपयोगी पडतं.

रानटी डॅफोडिल बघायचं असेल तर नॉर्थ यॉर्कशरमधल्या फार्नडेल खोऱ्यात किंवा ग्लॉस्टरशरमधल्या डिमॉकच्या आसपास जा. ते फूल लहान, दुरंगी आणि लाजरं असतं, पाकळ्या फिकट आणि मधली नळी गडद. रिंगरोडच्या कडेला लावलेल्या, भोंग्यासारख्या मोठ्या डॅफोडिलपेक्षा मला तेच आवडतं.

एक सावधगिरी. रस्त्याकडेचे, बागेतले, रानातले कंद उपटू नका. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतंही रानरोप मुळासकट काढणं १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्टखाली गुन्हा आहे. कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, लावलेली फुलंही तोडायची नाहीत. आपल्याकडे पहाटे पूजेसाठी दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद तोडतात, त्या सवयीला इथे कुलूप लावा.

२. जागा ठरवा, स्वयंपाकघरातून

बहुतेकजण जागा बागेत उभं राहून ठरवतात. मी म्हणते, घरात उभं राहून ठरवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंडात बागेत बसायला कोण जातंय? फुलं बघायची ती भांडी घासताना खिडकीतून, नाहीतर सकाळी दार उघडून गाडीकडे धावताना. म्हणून सिंकवर उभं राहून कुठवर दिसतं ते बघा आणि तिथे लावा.

फुलं उजेडाकडे तोंड करतात. बाग घराच्या उत्तरेला असेल तर ती वळून तुमच्याकडे, म्हणजे दक्षिणेकडे बघतील. बाग घराच्या दक्षिणेला असेल तर पाठमोरी दिसतील. आमच्या मागच्या बागेत असंच झालं. वर्षभर वाट बघून पन्नास पाठी बघितल्या. त्यानंतर मोठ्या जाती पुढच्या दारी हलवल्या.

ऊन हवं, पण पानझडी झाडाखालची जागाही चालते, कारण झाडाला पालवी येईपर्यंत यांचं बरंचसं काम उरकतं. पाणी साचणारी जागा मात्र वर्ज्य. पावसानंतर दुसऱ्या दिवशीही जिथे डबकं दिसतं तिथे कंद कुजणार, हे लिहून घ्या.

३. खरेदी

कंद ऑगस्टच्या शेवटापासून दुकानांत येतात. सप्टेंबरातच घ्या. नोव्हेंबरात अर्ध्या किमतीला मिळतात आणि आपला मराठी जीव तिकडे ओढला जातो, पण तोवर ते जाळीच्या पिशवीत दोन महिने सुकत पडलेले असतात. ट्यूलिपला नोव्हेंबर चालतो, डॅफोडिलला सप्टेंबरच मानवतो. त्याची मुळं लवकर धावू लागतात.

कांदा निवडता येतो ना? मग हेही येतं. हाताला जड, घट्ट, वरचं साल कोरडं, बुडाशी बुरशी नाही. बोट दाबलं जात असेल तर ठेवून द्या. एकाच सालीत दोन-तीन टोकं असलेला कंद घ्या, त्यातून जास्त फुलं येतात.

पहिल्या वर्षासाठी माझी निवड सांगते.

'टेट-आ-टेट' डोळे मिटून घ्या. वीतभर उंची, एका देठावर बहुधा दोन फुलं, वाऱ्यात आडवी पडत नाहीत, कुंडीतही येतात आणि पानंही आटोपशीर. कॉर्नवॉलच्या अलेक ग्रे यांनी ही जात तयार केली. आज सुपरमार्केटच्या दारात फेब्रुवारीत ज्या छोट्या कुंड्या मांडलेल्या असतात त्या बहुतेक हिच्याच.

लवकर हवं असेल तर 'राइनवेल्ड्स अर्ली सेन्सेशन'. नाव उच्चारायला अवघड, पण जानेवारी-फेब्रुवारीत, चार वाजता अंधार पडायच्या दिवसांत फूल दाखवते. वास हवा असेल तर 'सर विन्स्टन चर्चिल', पांढरं दुहेरी फूल, एप्रिलमध्ये येतं. शांत पांढरं हवं तर 'थालिया'. शेवटी 'फेजंट्स आय', जे इतर सगळे आटोपल्यावर मे महिन्याच्या सुमाराला येतं. या चार-पाचांचं मिश्रण केलंत तर जानेवारीअखेर ते मेपर्यंत काही ना काही उभं असतं. पण मिश्रण आपलं आपण करा. 'मिक्स' लिहिलेल्या पिशवीत काय निघेल आणि कधी फुलेल याचा नेम नसतो.

४. लावणी

नियम एकच: कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल. पाच सेंटिमीटरचा कंद असेल तर पंधरा सेंटिमीटरचा खड्डा. टोक वर, मुळांची चकती खाली. दोन कंदांत निदान दोन कंदांची जागा सोडा.

नवखे खोलीतच फसतात. पंधरा सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण चिकणमातीत दहावा खड्डा काढेपर्यंत मनगट बोलू लागतं आणि खड्डे आपोआप उथळ होत जातात. माझ्या पहिल्या रांगेत डावीकडून उजवीकडे खोली कशी कमी होत गेली ते दोन वर्षांनी दिसलं. डावीकडे फुलं, उजवीकडे नुसती पात. म्हणून एकेका कंदाला वेगळा खड्डा काढूच नका. परातीएवढा एकच खड्डा खणा, तळाशी माती भुसभुशीत करा, चिकण असेल तर मूठ-दोन मूठ खडी मिसळा, त्यात दहा-बारा कंद मांडा आणि माती लोटा. मेहनत कमी आणि फुलं झुपक्याने येतात. सैनिकांसारखी एका ओळीत लावलेली डॅफोडिल्स कौन्सिलला शोभतात.

लॉनमध्ये लावायची असतील तर कंद मुठीने उधळा आणि जिथे पडतील तिथे लावा, म्हणजे रानात उगवल्यासारखी दिसतात. पण आधी हे ठरवा की तेवढा तुकडा जूनपर्यंत कापायचा नाही. हे ज्यांना सोसवणार नाही त्यांनी लॉनच्या वाटेला जाऊ नये.

माती लोटल्यावर पायाने नीट दाबा आणि जमीन कोरडी असेल तर एकदा पाणी द्या. खार डॅफोडिलचे कंद खात नाही, ते विषारी असतात हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, पण मोकळी माती दिसली की उकरून बघतेच. आणि हाडांचं खत? ते घालायला सगळे सांगतात. मी घातलं. त्या रात्री कोल्हा आला, सगळं उकरून, कंद बाजूला फेकून, निराश होऊन गेला. तेव्हापासून घालत नाही आणि काही अडलेलं नाही.

खुणेची काडी रोवायला विसरू नका. नोव्हेंबरात त्याच जागी दुसरं काही लावायला जाल आणि फावड्याने कंद मधोमध कापाल.

५. कुंडीत लावताना

तीस सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत 'टेट-आ-टेट'चे दहा-पंधरा, मोठ्या जातीचे सहा-सात. कुंडीत थोडी दाटी चालते. भोक मोकळं हवं आणि कुंडी विटांवर किंचित उचललेली. थंडीने तडकणार नाही अशी कुंडी बघून घ्या. इथली थंडी हिवाळाभर गोठते-वितळते आणि साध्या मातीच्या कुंडीचे पापुद्रे निघतात.

थर लावायची एक पद्धत आहे. खाली डॅफोडिल, वर माती, त्यावर क्रोकस, म्हणजे कंदातूनच येणारं एक बुटकं फूल. फेब्रुवारीत क्रोकस, मार्चमध्ये त्यातूनच डॅफोडिल. पण क्रोकस खारीला फार प्रिय, म्हणून वर जाळी हवी.

कुंडीला पानं वाळेपर्यंत पाण्याकडे लक्ष द्यावं लागतं. जमिनीतल्या कंदाला इंग्लंडचं आभाळ सांभाळतं.

६. हिवाळ्यात काही करू नका

डिसेंबर-जानेवारीत हिरवी टोकं वर येतात आणि नंतर बर्फ पडतो. त्या रात्री मी चादरी घेऊन बाहेर गेले होते. गरज नव्हती. टोकांना काही होत नाही. उमललेली फुलंसुद्धा कडक थंडीच्या सकाळी मान टाकून जमिनीला टेकतात आणि दहा-अकरा वाजता उन्हाने वितळली की हळूहळू उभी राहतात. आडवी दिसली म्हणून घाईने तोडू नका.

या महिन्यांतलं एकच खरं काम म्हणजे घरात सगळ्यांना सांगून ठेवणं. ते का, हे आईमुळे कळलं.

आई फेब्रुवारीत सांगलीहून आली होती. तिला थंडीत कुठे जाता येईना, म्हणून खिडकीतून बाग बघत बसायची. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ओट्यावर हिरव्या पातीची जुडी, धुऊन ठेवलेली, शेजारी बेसन काढलेलं. "अगं, तुमच्याकडे पातीचा कांदा आपोआप उगवतो आणि तू दुकानातून आणतेस?" ती डॅफोडिलची पात होती. अर्धा तास उशीर झाला असता तर झुणका पोटात गेला असता.

हसण्यावारी नेऊ नका. पात, कळी, कंद, सगळंच विषारी. कंदात लायकोरिन नावाचं द्रव्य असतं. खाल्ल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा. २०१५मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडने सुपरमार्केटांना सांगितलं होतं की डॅफोडिलच्या जुड्या भाजीपाल्याजवळ ठेवू नका, कारण लोक त्या चिनी पाककृतीतल्या भाजीच्या समजून शिजवत होते. मिटलेल्या कळ्यांची जुडी खरंच भाजीसारखी दिसते. परीक्षा सोपी आहे: पात चुरगाळून हुंगा. कांद्या-लसणाचा वास आला नाही तर तो कांदा नव्हे. कोणी खाल्लंच तर १११ला, म्हणजे इथल्या वैद्यकीय सल्ल्याच्या नंबरला, फोन करा, त्रास जास्त असेल तर तातडीच्या ९९९ला, आणि उरलेला तुकडा फेकू नका, दाखवायला ठेवा. कुत्र्या-मांजरांनाही हे बाधतं, फुलदाणीतलं पाणीसुद्धा.

७. फुलं आली

आता बघा. यात शिकवण्यासारखं फार नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन एक फेरी मारा. पाकळ्या कुरतडलेल्या दिसल्या तर रात्री टॉर्च घेऊन जा, गोगलगायी सापडतील.

१ मार्चला वेल्सचा सेंट डेव्हिड्स डे असतो. ऑफिसात कोणी छातीवर डॅफोडिल लावून आला तर तो वेल्सचा समजा. मार्चमध्ये दुकानांच्या दारात पिवळी कापडी फुलं घेऊन उभे असलेले लोक मात्र मेरी क्युरी संस्थेसाठी निधी गोळा करत असतात. पहिल्या वर्षी मी दोन्हींत गल्लत केली.

घरात आणायची असतील तर उमललेलं नको, कळी आणा. कळी सरळ उभी असते, मग मान काटकोनात वाकवते, पिवळा रंग फटीतून दिसू लागतो. ती वेळ तोडायची. देठ बुडाशी धरून मोडा, पानाला हात लावू नका. फुलदाणीत पाणी थोडंच घाला, चार बोटं, आणि रोज बदला. देठातून बुळबुळीत चीक गळतो, त्याने शेजारची ट्यूलिप-गुलाब लवकर माना टाकतात. म्हणून डॅफोडिल्स रात्रभर एकटी पाण्यात ठेवा, मग देठ पुन्हा न कापता बाकीच्या फुलांत मिसळा. पुन्हा कापलंत तर चीक पुन्हा सुरू.

गुढीपाडवा बहुतेक वर्षी यांच्याच दिवसांत येतो आणि त्या वेळी बागेत झेंडूचा पत्ता नसतो. आमच्या गुढीला डॅफोडिल असतात. हार ओवायला जाऊ नका, देठ पोकळ असतो, सुईने फाटतो. पाच-सात फुलांची जुडी सुतळीने बांधून कडुलिंबाच्या जागी, म्हणजे कडुलिंब न मिळाल्यास, गाठीशेजारी लावा. प्रसादाच्या ताटात मात्र हे फूल ठेवू नका. लहान मुलं पाकळी सहज तोंडात घालतात.

८. फुलं गेली: खरं काम इथे आहे

माझी मे महिन्यातली चूक ती हीच. आधीच्या मालकांनी लॉनच्या कडेला लावलेली पन्नासेक डॅफोडिल्स आम्हाला घराबरोबर आयती मिळाली होती. एप्रिलअखेर फुलं वाळली, पानं लोळू लागली, पिवळी पडली. गावाकडे पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण झाडतात तशी मी ती पानं मशीनने सपाट केली. लॉन कसं छान दिसलं. पुढच्या मार्चमध्ये अकरा फुलं आली. त्याच्या पुढच्या वर्षी चार, कारण दुसऱ्या मे महिन्यातही मी तेच केलं होतं.

सप्टेंबरात विकत घेतलेल्या कंदाच्या पोटात पुढच्या वसंताचं फूल आधीच घडलेलं असतं. ते मागच्या उन्हाळ्यात, कुणाच्या तरी शेतात, पानांनी कमावलेल्या अन्नावर घडलेलं. म्हणजे पहिल्या वर्षी तुमच्या दारात फुललेलं डॅफोडिल ही शेतकऱ्याची कमाई. खोल लावलं, उथळ लावलं, खत दिलं, नाही दिलं, ते बहुधा येतंच, आणि आपल्याला वाटतं की आपला हात गुणी आहे. तुमची परीक्षा दुसऱ्या वर्षी. त्या परीक्षेचा अभ्यास फुलं वाळल्यानंतरच्या सहा आठवड्यांत होतो, नेमकं जेव्हा सगळ्यांचं लक्ष उडालेलं असतं.

तेव्हा क्रम असा. फूल कोमेजलं की फुलामागचा हिरवा फुगवटा खुडून टाका, नाहीतर झाड बी धरायला ताकद घालवतं. देठ राहू द्या, तोही हिरवा आहे, काम करतो. पानं निदान सहा आठवडे, शक्यतो आपसूक पिवळी पडून गळेपर्यंत, ठेवा. काही लोक ती वेणीसारखी वळून गाठ मारतात किंवा रबरबँड लावतात. अजिबात नको. दुमडलेल्या पानाला ऊन मिळत नाही, मग ते ठेवून काय उपयोग? फुलं येण्याच्या सुमारापासून पानं हिरवी असेपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी टोमॅटोचं खत पाण्यातून द्या. त्यात पोटॅश जास्त असतं. फक्त पानं वाढवणारं, नत्र भरपूर असलेलं लॉनचं खत नको.

विस्कटलेली पानं बघवत नसतील तर दोन उपाय. एक, लहान जाती लावा, त्यांची पानंही लहान. दोन, डॅफोडिलच्या पुढ्यात अशी बारमाही झाडं लावा जी एप्रिल-मेमध्ये वर येतात: हार्डी जिरेनियम, होस्टा, डे लिली. यांची पानं वाढतात आणि म्हाताऱ्या पानांवर पदर घेतात. लॉनवाल्यांना तर आता निमित्तही आहे. प्लांटलाइफ संस्थेची 'नो मो मे' ही मे महिन्यात गवत न कापण्याची मोहीम इथे सगळ्यांना माहीत असते. शेजाऱ्यांनी गवताकडे बघून भुवई उंचावली की तेवढे तीन शब्द म्हणायचे.

९. पात आली, फूल नाही

इथले लोक अशा कंदाला 'ब्लाइंड', आंधळा म्हणतात. कारणं थोडकीच आहेत. मागच्या वर्षी पानं लवकर कापली. कंद उथळ लावला, त्यामुळे तो पिल्लं घालत बसतो आणि एकही पिल्लू फूल धरण्याइतकं मोठं होत नाही. झुपका दाटला. मागचा मे-जून कोरडा गेला आणि पाणी मिळालं नाही. जागा सावलीत गेली, शेजाऱ्याचं कुंपण उंच झालं.

हे काहीच नसेल आणि पातही बारीक, गवतासारखी आली असेल तर एक कंद उकरून दाबून बघा. मऊ लागला आणि आत मळकट पांढरी अळी निघाली तर ती नार्सिसस माशी. ही मधमाशीसारखी दिसणारी माशी मे-जूनमध्ये, सुकणाऱ्या पानांनी जमिनीत सोडलेल्या भोकापाशी अंडी घालते. असे कंद कचऱ्यात टाका, कंपोस्टात नको. पानं गळाली की ती भोकं मातीने दाबून बुजवणं, एवढाच उपाय मी करते.

१०. ज्यांना उशीर झाला त्यांच्यासाठी

मार्च उजाडला, कंद लावलेले नाहीत, आणि तरी हवंच आहे? जानेवारीपासून दुकानात 'टेट-आ-टेट'च्या तयार कुंड्या मिळतात. कळ्या हिरव्या असलेली कुंडी घ्या. रेडिएटरच्या वर ठेवलीत तर आठवडाभरात संपेल, गार खिडकीत किंवा दाराबाहेर पायरीवर ठेवलीत तर बरीच जास्त टिकेल. फुलं गेल्यावर कुंडी फेकू नका. सगळा गड्डा पानांसकट बागेत खोल लावा आणि आठवी पायरी करा. त्या कंदांना घरातल्या उबेत जबरदस्तीने फुलवलेलं असतं, त्यामुळे पुढचं वर्ष बहुधा रुसण्यात जातं. त्याच्या पुढच्या वर्षी माझ्याकडचे आले.

११. तीन-चार वर्षांनी झुपके फोडा

फुलं कमी आणि पात दाट झाली की समजा, खाली कुटुंब वाढलंय. जूनमध्ये पानं वाळल्यावर फावडं लांबून घाला, गड्डा उचला, माती झटका, हाताने सहज सुटतील तेवढे कंद सुटे करा. जबरदस्ती करू नका, चिकटलेले राहू देत. मऊ, कुजके बाजूला काढा. उरलेले लगेच दुसरीकडे लावलेत तरी चालतं, नाहीतर जाळीच्या पिशवीत भरून गॅरेजमध्ये, कोरड्या, हवेशीर जागी सप्टेंबरपर्यंत टांगा.

आमचे चारवर आलेले कंद मी असेच काढले, खोल लावले, दोन मे महिने मशीन गॅरेजबाहेर काढलं नाही. गेल्या वर्षी त्यांतून पिशवीभर जास्तीचे निघाले. निम्मे समोरच्या आजींना दिले, निम्मे नुकत्याच राहायला आलेल्या एका नाशिककर कुटुंबाला. तुम्हीही द्याल तेव्हा पिशवी स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नका म्हणून बजावून सांगा, आणि तिच्यावर मार्करने, मोठ्या अक्षरांत, मराठीतच लिहा: हे कांदे नाहीत.